पहिला आला की नापास

एक धंदा सुचवतो. चार-पाच वर्षं खपून, अब्जावधी डॉलर ओतून एक खोका बनवायचा. तो बनवायला जेवढा खर्च आला, त्याहून कमी किमतीला विकायचा. म्हणजे जितका खप जास्त तितकं नुकसान जास्त. मग हात जोडून बसायचं, की कुणी परका येईल आणि आपल्या खोक्यावर चालणारा खेळ बनवील. तो आला, त्याचा खेळ खपला, तर त्याच्या गल्ल्यातले साधारण तीस टक्के आपण उचलायचे. नाही आला, तर खोका गोदामात आणि आपण वर्तमानपत्रात.

हा बेत एखाद्या वाण्याला सांगून पाहा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या उधारीच्या वहीकडे.

व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा धंदा तो हाच. सोनी करते, मायक्रोसॉफ्ट करते. निन्टेन्डो जरा हाडाची व्यापारी असल्यामुळे घरचं घालून खोका विकायला शक्यतो राजी नसते, पण तीस टक्क्यांवर तिचाही डोळा आहेच.

मराठी माणसाला हे गणित कळायला जड जाऊ नये. आपण जकात नाके पाहिले आहेत. मुलुंड-दहिसरला ट्रकांची रांग, खिडकीत नाकेदार, हातात पावतीपुस्तक. माल त्याचा नाही, ट्रक त्याचा नाही, डिझेल त्याचं नाही, पण शहरात शिरायचं तर त्याच्यासमोरून जावं लागे. मुंबईचे नाके २०१७ साली जीएसटी आल्यावर उठले. दिवाणखान्यातला, टीव्हीखालचा नाका मात्र चालू आहे. कन्सोल म्हणजे तुमच्याच पैशाने तुमच्याच घरात बांधलेला जकात नाका.

नाका चालायला तीन गोष्टी लागतात. एक, आत भरलेलं शहर, म्हणजे खेळणारे. दोन, शहराकडे येणारे ट्रक, म्हणजे खेळ. ट्रक नसतील तर शहर भरत नाही, आणि शहर नसेल तर ट्रक येत नाहीत, तेव्हा पहिला ट्रक बहुधा स्वतःच हाकावा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे नाकेदाराचं डोकं ठिकाणावर असणं. पहिल्या दोन पैशाने मिळू शकतात. तिसरी रांग लांबली की हटकून हरवते. गेल्या पन्नास वर्षांत या धंद्यात जो जो पहिला आला, तो जवळजवळ नेमाने पुढच्याच इयत्तेत आपटला. प्रगतिपुस्तक समोर ठेवतो.

इयत्ता पहिली : अटारी

१९७७ साली अटारी कंपनीने लाकडी पट्टी लावलेला खोका काढला. त्यात कार्ट्रिज बदलून वेगवेगळे खेळ खेळता येत. अमेरिकेने डोक्यावर घेतला. मग खेळ लिहिणारे प्रोग्रामर साहेबांकडे गेले. म्हणाले, खेळावर आमचं नाव टाका आणि नफ्यात जरा वाटा द्या. साहेबांनी वाटेला लावलं. १९७९ साली त्यांतले चौघे बाहेर पडले, अ‍ॅक्टिव्हिजन नावाची कंपनी काढण्यात सामील झाले आणि अटारीच्याच खोक्यासाठी खेळ बनवून विकू लागले.

अटारीची पंचाईत अशी, की नाका होता पण फाटकच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली, आणि मग कोण येईल त्याचा ट्रक आत शिरू लागला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीने खेळांची शाखा काढली. कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या एका कंपनीने जाहिरातीपुरता एक खेळ काढला. दुकानांत कचऱ्याचा ढीग, आणि कुठला खेळ चांगला हे सांगणारं कुणी नाही.

खुद्द अटारीही मागे नव्हती. स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’ सिनेमाचे हक्क कोट्यवधी डॉलर मोजून घेतले आणि १९८२ चा नाताळ गाठायचा म्हणून एका प्रोग्रामरला खेळ बनवायला सुमारे पाच आठवडे दिले. आमच्याकडे पाच आठवड्यांत गॅलरीचं गळणं थांबत नाही. खेळ झाला तसाच झाला. न खपलेल्या कार्ट्रिजचे ट्रक १९८३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, अ‍ॅलामोगॉर्डो गावाच्या कचराडेपोत रिकामे करून वर काँक्रीट ओतलं. २०१४ साली तिथे रीतसर उत्खनन झालं आणि ‘ई. टी.’ सापडला. माणसाच्या हयातीत त्याच्या उत्पादनाचं पुरातत्त्व झाल्याचं उदाहरण विरळा.

इयत्ता दुसरी : निन्टेन्डो

निन्टेन्डो ही क्योतोची, १८८९ साली हनाफुदा पत्ते छापण्यासाठी निघालेली कंपनी. पत्त्यांच्या धंद्यातली असल्यामुळे पान कधी टाकायचं हे तिला कळत होतं. अमेरिकेत १९८५ साली ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की दुकानदार पाठ फिरवत. हिने खोक्याला नावच ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ दिलं, रूप व्हीसीआरसारखं दिलं, आणि सोबत एक यंत्रमानव ठेवला, म्हणजे खेळणं म्हणून खपावा. न्यूयॉर्कच्या दुकानदारांना सांगितलं, माल ठेवा, नाही गेला तर परत घेतो.

आणि फाटक बसवलं. यंत्रात एक चिप, कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, पैसे आगाऊ भरायचे, आणि तोच खेळ दोन वर्षं दुसऱ्या नाक्यावर न्यायचा नाही. जकात तर द्यायचीच, वर ट्रकही नाकेदाराकडूनच विकत घ्यायचा. कचरा मात्र थांबला. सहा कोटींवर यंत्रं खपली आणि मेलेला धंदा उठून बसला.

इथे डोक्यात हवा गेली. पुढच्या यंत्राला सीडी जोडण्यासाठी निन्टेन्डोने सोनीशी करार केला होता. सीडीवरच्या खेळांची जकात सोनीकडे जाते असं करारात निघालं. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने जोडयंत्र जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केलं की आमची सोयरीक फिलिप्सशी. साखरपुडा झालेल्या मुलीकडच्यांना दुसऱ्या मांडवाची पत्रिका पाठवावी, त्यातला प्रकार.

सोनीतले केन कुतारागी आणि त्यांचे वरिष्ठ हा अपमान गिळून गप्प बसणारे नव्हते. ३ डिसेंबर १९९४ ला जपानात प्लेस्टेशन आलं. सीडी छापायला स्वस्त, पटकन बनणारी, आणि पोटात साडेसहाशे एमबीच्या आसपास जागा. निन्टेन्डोने १९९६ साली निन्टेन्डो ६४ काढला तो पुन्हा कार्ट्रिजचाच, जास्तीत जास्त ६४ एमबीचा आणि महागडा. कारण उघड होतं. कार्ट्रिज बनवण्यातले पैसे सोडवत नव्हते. ‘फायनल फँटसी’ बनवणाऱ्या स्क्वेअरने बाडबिस्तरा उचलला आणि १९९७ साली त्या मालिकेचा सातवा भाग तीन सीडींवर प्लेस्टेशनवर उतरवला. हिशेब : प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर, निन्टेन्डो ६४ तीन कोटी तीस लाखांच्या आत.

ट्रकवाल्याला फार पिळलं की तो बायपास शोधतो. इथे तर नाकेदाराने स्वतःच अपमान करून बायपास बांधायला घेणारा ठेकेदार तयार केला.

इयत्ता तिसरी : सेगा

सेगाची गोष्ट ऐकताना हसू येतं आणि मग येत नाही. टॉम कालिन्स्की यांच्या अमेरिकी शाखेने जेनेसिस यंत्रासोबत ‘सॉनिक’ हा निळा हेजहॉग फुकट दिला आणि निन्टेन्डोच्या नाकी नऊ आणले. मग गडबड सुरू. १९९४ च्या नोव्हेंबरात जुन्या यंत्रावर बसवायचं एक जोडयंत्र विकलं, आणि सहा महिन्यांत नवंच यंत्र आणलं. जोडयंत्र घेणाऱ्याच्या हातात मिरवणूक संपल्यावरचा फेटा.

नवं यंत्र सॅटर्न. ते अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये यायचं होतं. ११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात कालिन्स्की यांनी बॉम्ब टाकला, की सॅटर्न आजपासूनच दुकानांत, किंमत ३९९ डॉलर. मोजक्याच दुकानसाखळ्यांना माल मिळाला होता. वगळलेले खवळले. त्यांतल्या एका खेळण्यांच्या साखळीने सेगाचा मालच ठेवणं बंद केलं. खेळ बनवणारे सप्टेंबरच्या हिशेबाने बसलेले, त्यामुळे यंत्र दुकानात आणि खेळ वाटेत. त्याच दिवशी सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस मंचावर गेले, माइकवर ‘२९९’ एवढा आकडा उच्चारला आणि जागेवर येऊन बसले. आपल्याकडे प्रास्ताविकालाच चाळीस मिनिटं घेणाऱ्यांनी या भाषणाचा अभ्यास करावा.

सेगाने पुढे ड्रीमकास्ट काढला. यंत्र उत्तम, किंमत १९९ डॉलर, खेळ नावीन्याचे. पण फसलेलं गिऱ्हाईक आणि पोळलेले ट्रकवाले परत येईनात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बड्या कंपनीने त्यावर एकही खेळ काढला नाही. ३१ मार्च २००१ ला उत्पादन थांबलं. सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा त्याच्या जरा आधी मृत्युशय्येवर होते. त्यांनी कंपनीला दिलेलं कर्ज माफ केलं आणि आपल्या मालकीचे सुमारे ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. कर्ज बुडवून विमान पकडणारे प्रवर्तक पाहायची सवय झालेल्या आपल्याला ही बातमी दोनदा वाचावी लागते.

इयत्ता चौथी : सोनी

प्लेस्टेशन २ सोळा कोटींच्या घरात खपला. आजवर एवढा दुसरा कन्सोल खपलेला नाही. त्यात डीव्हीडी चालायची, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ‘सिनेमे बघायला घेतोय’ असं सांगता यायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यात चिप बसवून मिळायची आणि मग खेळ फूटपाथवरच्या सीडीच्या भावात. हाही बायपासच, फक्त आपल्या बांधणीचा.

सोळा कोटी म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. २००६ साली प्लेस्टेशन ३ आला, किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. ती देऊनही सोनीला प्रत्येक यंत्रामागे तोटा होत होता, कारण पोटात ब्लू-रे आणि सेल नावाचा प्रोसेसर. सेल इतका हुशार, की त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे भल्याभल्या प्रोग्रामरांना उमगेना. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच येऊन बसला होता. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३० अब्ज येनहून अधिक तोटा झाला.

त्याच मोसमात निन्टेन्डो वी नावाचा २४९ डॉलरचा, ताकदीने बेताचा खोका घेऊन आली. हातातली कांडी हलवा, पडद्यावर टेनिस. आजीबाई खेळू लागल्या. दहा कोटींवर खप.

मग निन्टेन्डोची पाळी. २०१२ साली तिने पुढच्या यंत्राचं नाव ठेवलं वी यू. गिऱ्हाइकाला वाटलं, जुन्या वीचंच काहीतरी उपकरण असेल. एक कोटी छत्तीस लाखांवर गाडी थांबली. कौतुक एवढ्याचंच, की २०१४ साली अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. नापास झाल्यावर पेपर तपासणाऱ्याला शिव्या न घालणारा विद्यार्थी. त्याच कंपनीचा पुढचा स्विच पंधरा कोटींवर गेला.

इयत्ता पाचवी : मायक्रोसॉफ्ट

मायक्रोसॉफ्टकडे पैसा इतका, की २००७ साली एक्सबॉक्स ३६० जळून लाल दिवे दाखवू लागला तेव्हा वॉरंटी वाढवण्यासाठी तिने एक अब्ज डॉलरहून जास्त बाजूला काढले आणि तरीही उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं श्राद्ध झालं असतं.

२०१३ साली एक्सबॉक्स वन आला. जाहीर करताना बोलणं टीव्हीबद्दलच जास्त. यंत्राला दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटची हजेरी लावावी लागणार, वापरलेले खेळ विकण्या-देण्यावर निर्बंध, आणि नको असलेल्या कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलर. इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचं, या प्रश्नावर बड्या साहेबांनी जुन्या एक्सबॉक्सकडे बोट दाखवलं. सोनीने ३९९ किंमत सांगितली आणि ‘वापरलेला खेळ मित्राला कसा द्यावा’ यावर काही सेकंदांची फिल्म काढली. एक जण डबी पुढे करतो, दुसरा घेतो, धन्यवाद म्हणतो. संपलं. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने निर्बंध मागे घेतले, काही आठवड्यांत ते साहेबही दुसऱ्या कंपनीत गेले. २०१५ पासून किती यंत्रं खपली हे सांगणंच कंपनीने बंद केलं. आमच्या लहानपणी काही मुलं प्रगतिपुस्तक दप्तरातच ठेवायची.

बहिःस्थ विद्यार्थी

परीक्षेला बाहेरून बसलेलेही बरेच. १९९३ साली थ्रीडीओ नावाचं यंत्र आलं. कल्पना अशी, की आराखडा एका कंपनीचा, यंत्र पॅनासॉनिकसारख्यांनी बनवायचं. जकात आराखडावाल्याला, मग यंत्र बनवणारा तोटा कशासाठी खाणार? त्याने किंमत लावली ७०० डॉलर. गिऱ्हाइकाने नमस्कार केला. २००३ साली नोकियाने एन-गेज काढला, त्यात खेळ बदलायचा तर आधी बॅटरी काढा, आणि फोनवर बोलायचं तर तो कडेने कानाला लावा. माणूस करंजी कानाशी धरून बोलतोय असं दिसे. २०१९ साली गूगलने खोक्याविनाच खेळ देणारं स्टेडिया आणलं. जगभराचं इंटरनेट ज्याच्या खिशात, त्याचा नाका जानेवारी २०२३ मध्ये उठला. रस्ता होता, ट्रक नव्हते. गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, हे मान्य करायला हवं.

या सगळ्यांनी एका माणसाची शिकवणी लावायला हवी होती. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई सांगत, की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते नव्या जागी वापरा. त्यांचा गेम बॉय १९८९ चा. हिरवट पडदा, रंग नाहीत, मागून उजेड नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते, पण सेगाचा गेम गियर सहा सेल काही तासांत चावून टाकी. गेम बॉय चार सेलवर प्रवासभर चाले, आणि सोबत मॉस्कोत जन्मलेला ‘टेट्रिस’ असे. पुढच्या रंगीत भावंडासह पावणेबारा कोटींच्या आसपास खप. मुरलेल्या लोणच्याची ही चव नंतर त्यांनाही राखता आली नाही. १९९५ चा लालभडक पडद्याचा, डोकं दुखवणारा व्हर्च्युअल बॉय त्यांचाच.

आणि आपण? नव्वदच्या दशकात सोलापूर-सांगलीच्या घराघरांत ‘टीव्ही गेम’ आला तो निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल करून बनवलेला, ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कार्ट्रिजसकट. त्यात खेळ बाराच असत, बाकी सगळी पुनरावृत्ती. एका पिढीला मारिओ पाठ झाला. मारिओ सोलापुरात पोचला, पण निन्टेन्डोने या देशात धड दुकान थाटलं नाही. प्लेस्टेशन ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, त्यावरचा एकेक नवा खेळ ४,९९९ पर्यंत. तेवढ्यात एक बरा मोबाइल येतो आणि त्यावर खेळ फुकट. हा बायपास सहापदरी आहे.

आता चालू सत्र. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त होई. २०२५ साली उलटी गंगा वाहिली. पाच वर्षं जुना प्लेस्टेशन ५ अमेरिकेत ऑगस्टमध्ये ५० डॉलरनी महागला, एक्सबॉक्सच्या किमती एका वर्षात दोनदा चढल्या. शिळ्या भाकरीला ताज्यापेक्षा जास्त भाव. कारणं सांगितली जातात, आर्थिक परिस्थितीची. नाकेदाराकडे कारणं नेहमीच असतात.

एवढं लक्षात ठेवा. डिसेंबर २००१ मध्ये सेगाचा सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. ज्याला हरवायला जन्माला घातला, त्याच्याच खिडकीत त्याने पावती फाडली. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची ‘फोर्झा होरायझन ५’ ही मोटारींची शर्यत प्लेस्टेशनवर आली. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं, की ज्या ‘हेलो’च्या जोरावर २००१ साली एक्सबॉक्स उभा राहिला, तोही तिकडे जाणार. आणखी एक नाकेदार ट्रक चालवायला शिकतो आहे.

जकात सोनी घेते आहे. सोनी सध्या पहिली आहे. सांभाळा म्हणावं.